आईबापांची निर्दोष सुटका

आमच्या घरात फुलस्केप आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक दोनशे पानी वही आहे. १९९७ च्या जूनपासून २००४ पर्यंत माझ्या पत्नीनं ती लिहिली. मुलगा किती वाजता झोपला, किती वाजता उठला, काय खाल्लं, काय भिरकावलं, कोणता शब्द आला आणि कोणता गेला. 'पाणी' हा शब्द ऑगस्टमध्ये आला आणि गणपतीत गेला, अशी नोंद आहे. मी बारामती तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं इतिहास शिकवला. बखर, दप्तर, शकावली म्हणजे काय आणि साधनांची पारख कशी करायची हे मुलांना समजावून सांगितलं. घरातली ही शकावली मात्र मी निवृत्त होईपर्यंत नीट वाचली नव्हती.

वाचायला घेतली आणि एका पानावर अडलो. ऑक्टोबर १९९७. त्या दिवशी आम्ही स्वारगेटच्या एसटीनं पुण्याला गेलो होतो. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी मुलाला दहा मिनिटं पाहिलं आणि मग माझ्या पत्नीला विचारलं, "बाळ लहान असताना तुम्ही नोकरी करत होता का?" ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. डॉक्टर म्हणाले, आईचा सहवास कमी पडला की मुलं अशी आतल्या आत जातात. वहीत त्या तारखेला एकच ओळ आहे, "नोकरीचं बघायला हवं." डिसेंबरात तिनं राजीनामा दिला. परतीच्या प्रवासात मी काय बोललो हे वहीत नाही आणि मला आठवतही नाही. बहुधा काहीच बोललो नसेन.

त्या प्रश्नाचा इतिहास काय, तो स्वारगेटपर्यंत कुठून आणि कसा आला, हे शोधताना हा लेख झाला. त्यासाठी वाचन केलं, आणि गेली दोन वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही घरांत जाऊन बसलो. याला सर्वेक्षण म्हणू नये. माझ्यासारख्याच आईबापांशी मारलेल्या या गप्पा आहेत. कुणाचंही नाव इथं देणार नाही.

सुरुवात एका वडिलांच्या पत्रापासून होते. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथले वकील बीमन ट्रिपलेट यांनी १९३८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी, डोनाल्डविषयी, टंकलिखित ३३ पानं पाठवली. मूल आईबाप आले-गेले तरी लक्ष देत नाही, वस्तू गरगर फिरवत बसतं, तेच ते शब्द म्हणतं, क्रम बिघडला की आकांत करतं, असा सगळा बारीक तपशील त्यात होता. अशीच आणखी मुलं कॅनरना भेटत गेली आणि १९४३ मध्ये त्यांनी 'नर्व्हस चाइल्ड' या नियतकालिकात ११ मुलांवरचा निबंध छापला. त्यात आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. 'ऑटिझम' हा शब्द त्यांचा नव्हता. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो आधी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनीही अशाच मुलांवर लिहिलं. पण ज्याला आपण आज ऑटिझम म्हणतो त्याचं पहिलं मोठं दस्तऐवज एका बापाचं पत्र आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शास्त्रज्ञाच्या आधी घरातल्या माणसानं पाहिलं होतं.

गंमत, म्हणजे कडू गंमत, अशी की त्याच पत्रावरून पुढे आईबापांवर आरोपपत्र तयार झालं. १९४३ च्या निबंधात कॅनर दोन गोष्टी म्हणतात. एक, ही मुलं माणसांशी भावनेचा संपर्क जोडण्याची जन्मजात अक्षमता घेऊन येतात. दोन, या सगळ्या मुलांमध्ये खरोखर मायाळू म्हणावेत असे आईबाप फारच थोडे आहेत. दुसरं वाक्य पहिल्याला छेद देतं, पण जग दुसऱ्याच वाक्याला चिकटलं. कॅनरही घसरले. १९४९ च्या लेखात त्यांनी लिहिलं, की ही मुलं जणू कधी न वितळणाऱ्या रेफ्रिजरेटरमध्ये नीट ठेवून दिलेली आहेत. 'फ्रीजसारखी थंड आई' ही पुढे जगभर पसरलेली कल्पना यातूनच आली. याच कॅनरनी १९४१ मध्ये मातांची बाजू घेणारं एक पुस्तक लिहिलं होतं, आणि त्याच्या नावातच 'मातांच्या बचावार्थ' असं होतं.

इतिहासाच्या वर्गात मी मुलांना विचारत असे, हे साधन कुणी लिहिलं, आणि कुणाला लिहिता आलं नाही? कॅनरच्या ११ मुलांचे आईबाप बहुतेक उच्चशिक्षित होते. त्यात वकील होते, डॉक्टर होते, प्राध्यापक होते. यावरून कॅनरना वाटलं, की बुद्धिमान, काटेकोर, भावनाशून्य लोकांना अशी मुलं होतात. साधी गोष्ट सुटली. १९३८ साली मिसिसिपीतून बाल्टिमोरपर्यंत पोचायला आणि ३३ पानं टंकायला कोण समर्थ होतं? जे पोचले तेच मोजले गेले. आणि ज्या काटेकोरपणानं पत्र लिहिलं, तोच काटेकोरपणा थंडपणाचा पुरावा ठरला. माझ्या पत्नीची वही त्या काळी कॅनरच्या टेबलावर गेली असती तर तिच्याबद्दलही हेच लिहिलं गेलं असतं.

आरोपाला खरी धार आणली ब्रुनो बेटेलहाइम यांनी. व्हिएन्नाचे हे गृहस्थ १९३८-३९ मध्ये डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांत होते. पुढे शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवताना त्यांनी ऑटिस्टिक मुलांची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. म्हणजे आईच्या जागी पहारेकरी. १९६७ मध्ये आलेलं त्यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' खूप खपलं. मुलाला आईबापांपासून वेगळं काढणं हाच उपचार ठरला. ज्या आईनं रात्र रात्र जागून मूल सांभाळलं तिला सांगितलं गेलं, तूच दूर हो.

ही भिंत एका बापानंच फोडली. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मुलाला ऑटिझम होता आणि आपली पत्नी थंड नाही हे त्यांना माहीत होतं. ग्रंथालयं धुंडाळून त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, संगोपनाचा नाही, असं मांडलं. त्याला प्रस्तावना खुद्द कॅनरची होती. १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्याच संघटनेच्या १९६९ च्या सभेत वृद्ध कॅनर उभे राहिले आणि त्यांनी पालकांना 'निर्दोष मुक्त' केलं. शब्द न्यायालयाचाच वापरला. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास छापला आणि आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला.

निकाल १९६९ चा आणि आमची पुण्याची फेरी १९९७ ची. २८ वर्षांत निकालाची प्रत आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

अर्थात पुण्याच्या त्या डॉक्टरांच्या आधी गावानंही आपापले निकाल दिले होते. मुलगा अडीच वर्षांचा होऊन बोलेना तेव्हा माझ्या आईनं वेखंड मधात उगाळून जिभेला चोळलं. पोपटानं टोचलेला पेरू खायला घातला. "याचा आजाही चौथ्या वर्षी बोलला," असं सांगून शेजारच्या काकूंनी धीर दिला. नवस झाले, दृष्ट काढून झाली. मी तेव्हा या सगळ्यावर चिडायचो. आता वाटतं, त्या उपायांमध्ये एक शहाणपण होतं, ते म्हणजे त्यात आईला आरोपी केलेलं नव्हतं. दृष्ट बाहेरून लागते. ग्रह आकाशात असतात. आरोप घरात आला तो शिक्षणाबरोबर.

कॅनरच्या आधी ही मुलं आपल्या कागदपत्रांत कुठं होती, हे शोधायचा मी प्रयत्न केला. इंग्रजांनी १८८१ पासून १९३१ पर्यंत दर जनगणनेत 'व्यंग' असलेली माणसं मोजली. वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे चार रकाने होते. न बोलणारं पण ऐकू येणारं, वेडं नसलेलं पण शहाणंही न वाटणारं मूल गावच्या मोजणीदारानं कुठं टाकलं असेल? बहुधा मुक्या-बहिऱ्यांत, नाहीतर कुठंच नाही. स्वतंत्र भारतात १९८१ ला अपंगांची मोजणी झाली, १९९१ ला झालीच नाही, २००१ ला पाच प्रकार आले, २०११ ला आठ. त्या आठांतही ऑटिझमचा स्वतंत्र रकाना नव्हता. माझा मुलगा २०११ ला अठरा वर्षांचा होता. प्रगणक आमच्याच शाळेतले शिक्षक होते. त्यांनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मतिमंद लिहा."

जुन्या मराठी समाजात वेगळेपणाला अगदीच जागा नव्हती असं नाही. तेराव्या शतकात लिहिलेल्या श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात ऋद्धिपूरची माणसं राउळांच्या विचित्र वागण्याला वेड म्हणतात आणि त्याच माणसांत ते देवही आहेत. इथं कुणाचं निदान करायचं नाही, तो आचरटपणा ठरेल. एवढंच, की वेडं आणि थोर यांच्यामधली एक फळी तेव्हा घरात होती, तिच्यावर अशा माणसाला बसवता यायचं. 'स्वमग्न' हा आजचा शब्द त्या फळीवरचा वाटतो. ध्यानस्थ बसलेल्या माणसासारखा. त्याआधी कुठं कुठं 'आत्मकेंद्री' म्हणत, तो ऐकून पत्नी म्हणाली होती, "म्हणजे आता मूलही स्वार्थी आणि आईही." स्वमग्न त्यामानानं बरा. पण निमगाव केतकीच्या एका आईचा त्यालाही आक्षेप आहे. "मग्न कसला सर, त्याला तीन घरांपलीकडचा मिक्सर ऐकू येतो. मग्न असता तर बरं होतं."

मराठी मुलखात मतिमंद मुलांसाठी शाळा काढणाऱ्यांत पहिल्यापासून आईबाप दिसतात. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्यानं आपल्या मुलीसाठी जी शाळा सुरू केली ती आजची जय वकील. पुण्यात १९६४ मध्ये 'कामायनी' निघाली. पण ऑटिझम हा शब्द घेऊन उभी राहिलेली पालकांची चळवळ बरीच नंतरची. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली, त्याही अशाच एका मुलाच्या आई. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम नव्हता. म्हणजे माझा मुलगा अपंग आहे हे सिद्ध करायला तो दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारात बसवावा लागे. पालकांच्या रेट्यानंतर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. त्याच्या नावातल्या प्रकारांत ऑटिझम पहिला आहे. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती आली, एक लाखापर्यंतच्या उपचारखर्चाची 'निरामय' योजना आली. प्रमाणपत्र मात्र मिळायला २०१६ उजाडलं. हैदराबादजवळच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी त्या वर्षी एप्रिलमध्ये अधिसूचित झाली. त्याच वर्षीच्या दिव्यांग कायद्यात सातचे २१ प्रकार झाले आणि ऑटिझम त्यात आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो कायदा लागू आहे. माझा मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

आता बारामती-इंदापूरकडे येतो. इथं ताण हा शब्द पुस्तकातला राहत नाही, त्याला जमीन आणि पाणी असतं.

नीरा डावा कालवा, त्याचे फाटे आणि अलीकडे प्लास्टिक अंथरलेली शेततळी, हे आमच्या भागाचं वैभव आहे. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार, आणि धोक्याची जाणीव कमी. भटकत जाऊन पाण्यात पडणं हा या मुलांच्या जिवावरचा मोठा धोका असल्याचं जगभर नोंदलं गेलंय. भवानीनगरच्या बाजूचे एक वडील म्हणाले, "आवर्तन सुटल्याची बातमी पाटकऱ्याआधी मला लागते." आवर्तन चालू असेपर्यंत त्या घरात कुणीतरी एक जण जागा असतो. दाराची कडी त्यांनी उंच, लिंटेलजवळ लावली आहे. मुलगा वाढला तशी ती दोनदा वर सरकवली, आता सरकवायला जागा नाही. दुसऱ्या एका घरी मुलाला कायम भगवे नाहीतर पोपटी कपडे. पोपटी नको, असं नंतर ठरलं, कारण उसात दिसत नाही. बारा महिन्यांच्या उसात शिरलेलं मूल हाक मारून सापडत नाही. ते हाकेला ओ देत नाही, हाच तर प्रश्न असतो.

रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाशी सामना करण्याचे दोन मोठे प्रकार सांगितले. एक, अडचणच बदलायची. दोन, अडचण बदलत नसेल तर तिच्याबद्दलची आपली भावना सांभाळायची. कडी वर लावणं पहिल्यातलं. दुसऱ्यातलं मला एका आजोबांनी ऐकवलं. नातू घरात आल्यापासून ते रोज सकाळी हरिपाठ म्हणतात. "देवासाठी नाही, त्या अर्ध्या तासात कुणी मला हाक मारत नाही म्हणून." अभ्यासक ज्याला वेगळ्या खणात टाकतील ती गोष्ट घरात एकाच श्वासात चालते.

पुरुषांबद्दल लिहायला हात जड होतो, कारण त्यात मीही आहे. आम्ही कामात लपतो. कुणाला कारखान्याच्या हंगामात जादा पाळ्या सापडतात, कुणाला डाळिंबाची बाग, मला परीक्षेचे पेपर सापडले. एक-दोघांना दारू सापडली. बायकांना लपायला जागा नसते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये अशा मोठ्या मुलांच्या आयांचं कॉर्टिसोल मोजलं. ताणाच्या वेळी वाढणारं हे संप्रेरक त्यांच्यात उलट कमी पातळीवर आढळलं. दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्यांत, लढाईवरच्या सैनिकांतही, असं दिसतं. सैनिकांची ही तुलना नंतर फार वापरली गेली. मला ती पूर्ण पटत नाही, सैनिकाला रजा असते.

याहून जवळचा अभ्यास गोव्याचा आहे. 'संगाथ' या संस्थेच्या गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या पालकांशी बोलून २०१२ मध्ये जे मांडलं ते मला आमच्या गल्लीचं वर्णन वाटलं. आधी कुटुंब समाजातून अंग काढून घेतं. लग्न नको, बारसं नको, जत्रा नको. मग काही वर्षांनी हळूहळू, बदललेल्या अटींवर, परत येतं. आमचा हा अज्ञातवास सात वर्षांचा होता. वहीत १९९८ ते २००४ च्या पानांवर एकाही लग्नाचा उल्लेख नाही. माझ्या सख्ख्या भाचीचंही नाही. परत आलो ते तुकोबांच्या पालखीमुळे. पालखी बारामतीतून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. त्या दिवशी भोंगे, गर्दी, फटाके. कित्येक पालक मुलाला घेऊन त्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात जातात. आम्हीही जायचो. एका वर्षी काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण पाहायला गेलो, मुलाला खांद्यावर घेऊन, पळायची तयारी ठेवून. मेंढ्या पालखीभोवती धावू लागल्या आणि तो शांत झाला. एकसारखी गोल फिरणारी वस्तू! त्याला तेच तर हवं असतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "बोलत नाही का बाळ?" पत्नीनं पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सरळ सांगितलं, "नाही बोलत."

एकत्र कुटुंब होतं तेव्हा सगळं सोपं होतं, असं सांगणारी माणसं भेटतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी याबाबत सावध आहे. हात जास्त होते हे खरं. माझ्या पत्नीचं माहेर पळसदेवचं. उजनीचं पाणी चढलं तसं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि भावकी विखुरली. जुन्या वाड्यात तिचा एक न बोलणारा चुलता होता. दिवसभर ओसरीवर बसायचा, ज्वारीचे दाणे ओळीत लावायचा. जेवायच्या वेळी कुणीतरी त्याला ताट द्यायचं. 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे मी सासूबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मीच की. लग्न होऊन आले त्या दिवसापासून." एकत्र कुटुंबातही ओझं वाटलं जायचं म्हणजे बहुतेक वेळा धाकट्या सुनेकडे दिलं जायचं. विस्थापनानंतर नव्या गावठाणात तो चुलता फार दिवस राहिला नाही, जुन्या वाटेनं पाण्याकडे चालत जायचा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला जातात. पत्नी कधी आली नाही.

आनुवंशिकतेच्या शोधानं आईची सुटका केली असं वर म्हटलं. आमच्याकडे तिथंच नवा खटला उभा राहिला. दोष वागण्यात नाही, रक्तात आहे, असं कळलं की आपल्या समाजात लगेच बहिणीच्या लग्नाचा विषय निघतो. इंदापूर तालुक्यातल्या एका घरात थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे येतात तेव्हा धाकट्याला मामाकडे पाठवतात. चौदा वर्षांचा मुलगा, मोटारसायकलवर मध्ये बसवून, पुढं बाप आणि मागं चुलता. मुलीनं तिसऱ्या वेळी सांगितलं, भाऊ घरात असेल तरच मी चहा घेऊन येईन. ते स्थळ गेलं. पुढच्या वेळी काय करायचं यावर त्या घरात अजून एकमत नाही.

आणि एक वेगळा आवाज ऐकवायला हवा. १९९३ मध्ये टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या व्यक्तीनं पालकांना सुनावलं, की तुमचं दुःख आमच्याविषयी नाहीच, तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता आणि जे आलं नाही त्याचं ते आहे. ते दुःख आमच्यावर लादू नका. हे वाचून मी पहिल्यांदा रागावलो. ज्याला बोलता-लिहिता येतं त्यानं न बोलणाऱ्यांच्या वतीनं बोलावं का, असा वाद घातला, मनातल्या मनात. तो वाद अजून मिटलेला नाही. पण 'पालकांचा ताण' असा शब्दप्रयोग केला की मूल म्हणजे ताण असा अर्थ निघतो, हे त्यानं मला दाखवलं. घराघरांत विचारलं तेव्हा ताण म्हणून जे सांगितलं गेलं त्यात मूल फार वेळा नव्हतं. पुण्याचा प्रवास होता. प्रमाणपत्राची फेरी होती. शाळेतून येणारा 'घेऊन जा' हा फोन होता. "तुमच्याकडे कुणी असं होतं का" हा प्रश्न होता. झोप होती.

यातलं काही बदललं आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि त्यांच्या यादीत ऑटिझम आहे. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षणहक्क कायद्यात ही मुलं आली. गोवा आणि रावळपिंडी इथं ६५ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असं दिसलं, की तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आईबापांना मुलाशी संवाद साधायला शिकवू शकतात आणि त्याचा उपयोग होतो. म्हणजे आशाताई, अंगणवाडीताई यांच्या हाताशी असलेलं काम. १९६७ मध्ये मूल आईपासून तोडणं हा उपचार होता, २०१६ मध्ये आई हाच उपचाराचा रस्ता झाला. यातही एक खोच आहे, ती एका शिक्षिका असलेल्या आईनं दाखवली. "आधी म्हणायचे तुमच्यामुळे झालं. आता म्हणतात तुमच्यामुळेच सुधारेल. नाही सुधारला की पुन्हा मीच."

आणि काही माणसं अजूनही कुठल्याच कागदावर नाहीत. गळीत हंगामात बीड-नगरकडून ऊसतोड कामगार येतात, कारखान्यांभोवती कोप्या पडतात. गेल्या हंगामात एका फडाच्या कडेला पाच-सहा वर्षांची मुलगी पाहिली. बैलगाडीच्या चाकाला हात लावून ती गोल गोल चालत होती. कमरेला सुती दोर, दोराचं दुसरं टोक गाडीला. आई मोळ्या बांधत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पळती सर, कॅनॉल जवळ हाय." मी दवाखान्याचं नाव लिहून दिलं. चार दिवसांनी गेलो तर टोळी पुढच्या फडाला गेली होती.

डोनाल्डचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तीन वर्षांचा असताना त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं संस्थेत ठेवलं होतं, वर्षभरानं आईबापांनी परत आणलं. नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. कॅनर १९४५ मध्ये तिथं गेले आणि थक्क झाले. मुलाला मोजमापाचं वेड, तर त्या शेतकऱ्यानं त्याला विहीर खणायला लावली आणि रोजची खोली सांगायला सांगितली. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर नांगर हाती देऊन नांगरता नांगरता मोज म्हणून सांगितलं. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्याला एक छोटी दफनभूमी आखून दिली. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी आपल्याच गावात वारला. घर सधन होतं, बँक घरच्यांची होती, हेही खरं. पण ते जोडपं कूळ म्हणून शेती करणारं होतं आणि त्यांना ऑटिझम हा शब्द माहीत नव्हता.

हे वाचल्यावर मी मुलाला उसाच्या लागणीला नेऊ लागलो. तो सऱ्या मोजतो. तोंडानं नाही, बोटांनी. आमच्या दीड एकरात किती सऱ्या पडल्या हे त्याला विचारायचं आणि त्यानं तितके खडे बांधावर ठेवायचे. एकदा खडे एकानं कमी आले. मी पुन्हा मोजल्या, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं एक सरी कमी पाडल्याचं निघालं.

तो आज ३२ वर्षांचा आहे आणि मी ६६ वर्षांचा. पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली. कायदेशीर पालक म्हणून आम्हा दोघांची नावं कागदावर होती, आता एकट्याचं आहे. डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं 'घरकुल' शिक्षक असलेल्या अविनाश बर्वे आणि अमेय पालक संघटनेच्या पालकांनी १९९० च्या दशकात उभं केलं. बदलापूरची 'आधार' ही संस्थाही पालकांचीच. आईबापांनंतर मोठ्या वयाच्या मुलांनी राहायचं कुठं, याची उत्तरं आपल्याकडे ज्यांनी शोधली त्यांत हेच लोक पुढे होते. आमच्या दोन तालुक्यांतले सात-आठ पालक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्या घरी जमतात. एकाची दोन एकर जागा द्यायची तयारी आहे, कालव्यापासून लांब. इमारतीचं बघता येईल असं सगळ्यांना वाटतं. चालवायचं कुणी, इथं बैठक दर वेळी थांबते, कारण जमलेल्यांत पन्नाशीच्या आतला एकच जण आहे. गेल्या महिन्यात ती थोरली मुलगी, चहा घेऊन यायला नकार देणारी, वडिलांबरोबर आली होती. तिनं कोपऱ्यात बसून पत्नीची वही चाळली आणि विचारलं, "सर, २००४ नंतर काकूंनी का नाही लिहिलं?"

मी सांगितलं, त्या वर्षी तो रात्रभर झोपायला लागला, मग तीही झोपली.